शिवी खोडा, पण पावती फाडू नका



मागच्या शिबिरात मोर्चाच्या मागण्यांची यादी केली तेव्हा नवव्या मागणीवर फार वेळ गेला नाही. खरं तर जायला पाहिजे होता. दळीच्या जमिनी, एकसाली प्लॉट, वनहक्काचे अडकलेले दावे, रोजगार हमीची थकलेली मजुरी, आश्रमशाळा, ह्यांच्यावर दुपारपर्यंत भांडलो. नववी मागणी आपल्या शिकलेल्या पोरापोरींनी मांडली: "पाठ्यपुस्तकं, सरकारी कागद आणि जुने ग्रंथ ह्यांतून आदिवासींबद्दलचा सर्व आक्षेपार्ह मजकूर काढून टाकावा." जोरात टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. जेवायची वेळ झाली होती, मागणी मंजूर झाली.

घरी आलो, पेटी उघडली आणि टाळ्या वाजवल्याचा पस्तावा झाला. पेटीत काय होतं ते पुढं सांगतो. आधी एवढंच सांगतो की नववी मागणी आहे तशी मोर्चात नेऊ नका. तिचे तुकडे करा. एक तुकडा आपल्या कामाचा आहे, दुसरा आपल्याच गळ्याला लागणारा आहे.

पोरांचा राग खोटा आहे असं कुणी म्हणू नये. माझी धाकटी पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. गुरुजींनी "रानटी" शब्दाचा अर्थ विचारला. एका पोरानं उत्तर द्यायच्या ऐवजी तिच्याकडे बोट केलं. वर्ग हसला, गुरुजीपण हसले. घरी येऊन ती मला विचारते, "बाबा, आपण रानटी का?" मी म्हटलं, "रानात राहतो म्हणून रानटी. त्यात काय." ती म्हणाली, "मग पुस्तकात रानटी म्हणजे क्रूर असं का लिहिलंय?" मला उत्तर आलं नाही. तिनं त्या वर्षी दोन महिने शाळा बुडवली. तिला पुन्हा शाळेत पाठवायला तिच्या आईला किती समजवावं लागलं ते आम्हालाच माहीत.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधत राहिलो, आणि शोधताना ध्यानात आलं की गोम एका शब्दाची नाही. वाईट, घाणेरडं, काढून टाकण्यासारखं, ह्यासाठी शिकल्यासवरल्या मराठीत जे शब्द आहेत तेच बघा. पहिला शब्द ग्राम्य. म्हणजे काय? गावातला. जुन्या संस्कृत काव्यशास्त्रात ग्राम्य हा चक्क दोष म्हणून मोजलाय. कवितेत गावचा शब्द आला की कविता बिघडली! त्याचाच भाऊ गावंढळ. तिसरा रानटी, त्याचा अर्थ पोरीनं सांगितलाच. चौथा जंगली. आणि चांगल्या भाषेला काय म्हणतात? नागर. म्हणजे नगरातली. नागरिक हा शब्दसुद्धा नगरातूनच आला. म्हणजे बघा, शब्दानं धरलं तर शहरात राहणाराच तेवढा नागरिक, आणि आपण पाड्यावरचे लोक मतदानापुरते.

अश्लील शब्दाचं जाणकार सांगतात ते ऐकून तर मी हसलो. त्याचा मूळ अर्थ म्हणे ज्याच्याकडे श्री नाही तो. लक्ष्मी नाही, शोभा नाही. म्हणजे गरीब माणूस तोंड उघडण्याआधीच अश्लील! आणि असभ्य म्हणजे सभेत बसायच्या लायकीचा नाही तो. हा शब्द मात्र ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

(गावठी शब्दाचं वेगळंच आहे. गावठी माणूस चालत नाही, पण गावठी कोंबडीला बाजारात ब्रॉयलरपेक्षा जास्त भाव. रानटी नको, रानभाजी पाहिजे.)

तर काय "आक्षेपार्ह" आहे हे ठरवायची शब्दांची मापंच आपल्या विरुद्ध बनवलेली आहेत. ह्या मापानं मोजायला बसलं तर कात्री कुणावर चालेल? मी सांगतो, कारण आधी चालून झालेली आहे.

आपल्या लग्नात दोन्हीकडच्या बाया एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. नवऱ्याच्या मामाला सोडत नाहीत, व्याह्याला सोडत नाहीत, आणि कुणी रागावत नाही. रागावला तर त्याला अजून दोन कडवी जास्त मिळतात. धवलेरी लग्न लावते, तिच्या गाण्यात देव असतो, धरतरी असते आणि बाईच्या अंगाबद्दल जे खरं ते सरळ नावानं असतं. शिमग्याला तर काय बोलायलाच नको. आता शहरातले लोक टेप घेऊन येतात, गाणी उतरवून घेतात, चहा पितात, जातात. पुढं पुस्तक निघतं. आमच्या पाड्यावर असं एक पुस्तक आलं. एका म्हातारीला तिचंच गाणं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे अर्धंच आहे. माझं तोंड कुठं गेलं?" मी बघितलं तर जागोजागी फुल्या आणि टिंबं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की काही ग्राम्य भाग वगळला आहे.

म्हातारीनं विचारलं, "फुली म्हणजे काय?" मी म्हटलं, "आक्षेपार्ह शब्दाच्या जागी फुली मारतात." ती म्हणाली, "माझ्या बापानं सावकाराच्या कागदावर मारली तशी?"

त्याच पुस्तकात पुढच्या पानावर लेखकानं आपल्याबद्दल लिहिलंय: भोळे, आळशी, दारूच्या आहारी गेलेले, उद्याची चिंता न करणारे. तिथं मात्र एकही फुली नाही. आपली शिवी वगळली, आपल्याला दिलेली शिवी ठेवली. म्हणून म्हणतो, कात्री मागण्याआधी ती कुणाच्या हातात जाणार ते विचारा.

ह्या कामाला भल्या लोकांनी नावंसुद्धा किती सोज्वळ दिलीत. "मजकूर वगळला" म्हणतात. "संपादित आवृत्ती", "सुधारित आवृत्ती", "शुद्ध प्रत". जसं काय पुस्तकाला आंघोळ घालून सोवळं नेसवलं. विधानसभेत तर "कामकाजातून काढून टाकलं" असा हुकूम होतो. शब्द बोलला गेला, सगळ्यांनी ऐकला, पण कागदावर तो कधी झालाच नाही. इंग्रजांच्या भाषेत ह्या कामाचं क्रियापद एका माणसाच्या नावावरून पडलंय. बाउडलर नावाचा डॉक्टर होता, त्यानं शेक्सपिअरची नाटकं घरात बायकापोरांसमोर वाचता यावीत म्हणून नको ते भाग गाळून छापली. गंमत अशी की १८०७ ची पहिली आवृत्ती त्याच्या बहिणीनं केली होती, त्यात तिचं नावच नव्हतं, आणि १८१८ ची मोठी आवृत्ती आली ती भावाच्या नावावर. दुसऱ्याचं गाळता गाळता बाईचं नावसुद्धा गळालं. गाळणाऱ्याच्या हाताला सवय लागते ती अशी.

आता पेटीचं सांगतो.

माझ्या पेटीत बाबाच्या नावाच्या दंडाच्या पावत्या आहेत. जंगलखात्यानं फाडलेल्या. पिवळ्या पडल्यात, एकीला वाळवी लागलीय. प्रत्येकीवर माझ्या बाबाला शिवी आहे. "अतिक्रमणदार." एकीवर "जंगल नासधूस", एकीवर "बेकायदा राब". ज्या जमिनीवर त्याच्या बापानं नागली-वरई पेरली, तिथं त्याला चोर म्हणून दंड केलाय. लहानपणी ह्या पावत्या बघून मला लाज वाटायची. एकदा तर चुलीत घालायला काढल्या होत्या, आईनं हातावर मारलं.

ह्याच पावत्यांवर आमचा वनहक्काचा दावा उभा आहे. २००६ चा कायदा म्हणतो १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतात ते दाखवा. कशानं दाखवणार? सातबारा कधी दिलाच नाही. दाखवायला आहे ती जंगलखात्याचीच शिवी. तारीख घालून, जागा लिहून, सही-शिक्क्यानिशी त्यांनीच लिहून दिलंय की हा माणूस अमुक साली ह्या जागेवर नांगर धरून होता. शिवी खोटी, पण तारीख खरी. उद्या कुणी मोठ्या मनानं जंगलखात्याची दप्तरं "स्वच्छ" केली, सगळे अपमानकारक गुन्हा रिपोर्ट काढून टाकले, तर साहेब आपल्याला विचारेल, पुरावा काय? आणि आपणच मागणी केली होती म्हणून मोर्चाचं निवेदन दाखवेल.

हे नुसतं माझ्या पेटीपुरतं नाही. वनहक्काच्या नियमांतला नियम १३ काढून वाचा, प्रत्येक वनहक्क समितीकडे असला पाहिजे. पुरावा म्हणून काय काय चालतं त्याची यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, सर्वे-सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, जंगलाची दप्तरं, सरकारी समित्यांचे अहवाल, म्हाताऱ्या माणसांचे जबाब. गॅझेटियर पहिल्या ओळीत आहे. आणि ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं इंग्रजांचं गॅझेटियर कधी कुणाकडून वाचून घ्या. कातकऱ्यांबद्दल, वारल्यांबद्दल काय काय लिहिलंय! ऐकताना रक्त तापतं. पण त्याच पानांवर आपण कुठं राहत होतो, कात कसा पाडत होतो, डोंगरावर काय पेरत होतो तेही आलंय. साहेबानं शिवी द्यायला आपल्याकडे बघितलं, म्हणून आपण तिथं होतो हे नोंदलं गेलं. पोरांची मागणी मान्य करून ती पानं गाळून नवी "सुधारित" आवृत्ती काढली तर शिवी जाईल, आणि शिवीबरोबर आपणपण जाऊ. कोऱ्या डोंगराचा नकाशा उरेल. कंपनीला तसाच नकाशा पाहिजे.

राघोजी भांगरेचं घ्या. महादेव कोळ्यांचा राघोजी इंग्रजांशी आणि सावकारांशी लढला, १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. इंग्रजांचे कागद त्याला बंडखोर म्हणतात, दरोडेखोर म्हणतात. ते शब्द गाळा म्हणाल तर राघोजीबद्दल सरकारी कागदांत उरेल काय? दरोडेखोर शब्द राहू द्या. शेजारी आपण लिहू की ह्यानं सावकाराच्या घरात घुसून काय केलं आणि त्याआधी सावकारानं काय केलं होतं.

ह्याहून जड गोष्ट आहे, ती बायांसाठी लिहितो. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात जमीनदारांनी वेठीला धरलेल्या माणसांचं आणि त्यांच्या बायांचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून जन्मभर राबणाऱ्याला लग्नगडी म्हणायचे. तो तर विकला जायचाच, त्याच्या बायकोवरपण मालकाचा हात पडायचा. १९३० च्या दशकात सायमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं सरकारसाठी अहवाल लिहिला, त्यात वेठ आणि मारहाण आणि बायांवरची जबरदस्ती आलीय. १९४५ च्या वारल्यांच्या उठावाबद्दल गोदावरी परुळेकरांनी "जेव्हा माणूस जागा होतो" लिहिलं, त्यातपण आलंय. आता कुणी म्हणेल, हे घाण आहे, शाळेतल्या मुलांनी वाचण्यासारखं नाही, गाळा. मी स्वतः असं बोलताना ऐकलंय. घाण लिहिणाऱ्याची नव्हती, करणाऱ्याची होती. ती वगळली की पुस्तक स्वच्छ होत नाही, जमीनदार स्वच्छ होतो. आणि त्यांच्या नातवांच्या बंगल्याला आजही त्याच जमिनीचा पैसा लागलेला आहे.

आता उलटं बघा. शब्द बदलला आणि बाकी काही बदललं नाही असं कितीदा झालंय. १८७१ साली इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. आपल्याकडचे फासेपारधी त्यात भरडले गेले. १९५२ साली तो शब्द रद्द झाला, "विमुक्त" असा छान शब्द आला. आज कुठं चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या पालावर जातात? शब्द सुटला, माणूस सुटला नाही. "मागासलेले" गेलं, "दुर्बल घटक" आलं. "जंगली" गेलं आणि काही लोकांनी आपल्याला "वनवासी" म्हणायला सुरुवात केली. ऐकायला गोड आहे. पण मराठीत वनवास म्हणजे काय ते कुठल्याही सासुरवाशिणीला विचारा. वनवास भोगतात, आणि तो चौदा वर्षांनी संपतो, मग माणूस आपल्या घरी जातो. आमचं घरच हे आहे, आम्ही जायचं कुठं? आदिवासी म्हटलं की आधीपासूनचा असं निघतं, आणि आधीपासूनचा म्हटलं की जमिनीचा प्रश्न येतो. वनवासी म्हटलं की नुसतं जंगलात मुक्कामाला आलेला. खरं सांगायचं तर मला साध्या शिवीपेक्षा हा गोड शब्द जास्त लागतो.

जयपालसिंह मुंडा हे ओळखून होते. १९४६ साली घटना समितीत उभं राहून त्यांनी सांगितलं की मी जंगली आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, आमच्या मुलखात आम्हाला ह्याच नावानं ओळखतात. दिल्लीतल्या सगळ्या नागर लोकांपुढं त्यांनी शिवी खोडली नाही, उचलून खांद्यावर घेतली. पण पुढं घटनेच्या भाषांतरात "अनुसूचित जमाती"साठी "बनजाति" शब्द घालायचं चाललं तेव्हा मात्र ते भांडले, आदिवासी शब्द का वापरत नाही म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या. स्वतःच्या तोंडानं जंगली म्हणणं वेगळं आणि सरकारनं कायमच्या कागदावर तसं नाव घालणं वेगळं.

ह्या फरकावरच नववी मागणी उभी करायला पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

पोरांच्या हातातलं शाळेचं पुस्तक हा काही पुरावा नाही. ते दर काही वर्षांनी बदलतंच. त्यात रानटी म्हणजे क्रूर, आदिवासी म्हणजे कमरेला पानं गुंडाळून नाचणारा, असं काही असेल तर ते आजच्या आज गेलं पाहिजे. तिथं दयामाया नको. माझ्या पोरीचे दोन महिने कुणी भरून देणार नाही. वाल्या कोळ्याच्या गोष्टीवरून आपल्यात दोन मतं आहेत, काही म्हणतात "कोळी" शब्द काढा. माझं मत असं की शब्द काढण्यापेक्षा गुरुजींनी वर्गात विचारावं, रानातला वाटमाऱ्या नेहमी आमच्याच जातीचा का दाखवला? नुसता शब्द काढला तर पोरांना दुसरी जात सुचेल, ती फासेपारध्यांची असेल. पण ह्यावर सभेत बोलू, माझा हट्ट नाही.

तसंच आज चालू असलेले सरकारी कागद. २००६ च्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की जंगलातल्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. म्हणजे सरकारनंच कबूल केलं की हे लोक चोर नव्हते, त्यांचे हक्क नोंदले गेले नव्हते. तरी दाव्याच्या तपासणीला येणारा माणूस आजही पंचनाम्यात "अतिक्रमणदार" लिहितो आणि म्हातारा अंगठा उठवतो. विदर्भातले साथी सांगतात की तिकडं कसणाऱ्याच्या जमिनीला "जबरान जोत" म्हणतात. जबरीनं कुणी केली? हे शब्द नव्या कागदावर आले तर अंगठा देऊ नका. तिथंच सांगा, "दावेदार" लिहा, नाहीतर पंचनामा आम्हाला मान्य नाही. हा शब्द नुसता मनाला लागत नाही, तो दावा नामंजूर करायला वापरला जातो.

आणि जुनं जे आहे, गॅझेटियर, दप्तर, पावत्या, अहवाल, जुन्या लोकांची पुस्तकं, त्याला कुणी हात लावायचा नाही. सरकारनं नाही, आणि आपल्या चांगल्या मित्रांनीपण नाही. उलट नकला द्या अशी मागणी करू. पाहिजे तर शेजारी टीप घालू की हे कुणी लिहिलं आणि का लिहिलं.

आपलं हे पत्रक स्टेन्सिलवर निघतं. टाइप करणाऱ्या पोरीला विचारा, चूक झाली की ती तांबडं पाणी लावते, वाळू देते आणि वरून नवं अक्षर मारते. छापलेल्या कागदावर काही कळत नाही. पण स्टेन्सिल उजेडात धरली तर खालचं जुनं अक्षर दिसतं. आपल्याकडे स्टेन्सिल राहिली पाहिजे.

राहिलं आपल्या गाण्यांचं. त्यातलं काय ठेवायचं, काय नको, हे पाड्यावरच्या बाया ठरवतील. म्हातारीच्या गाण्यातला एखादा शब्द आजच्या पोरींना नको वाटत असेल, जातीवरून असेल, बाईच्या जातीला खाली पाडणारा असेल, तर त्यांनी म्हातारीशी भांडावं. भांडण झालं पाहिजे. आमच्या घरात झालंय, आणि म्हातारीनं एक कडवं सोडलं, एक सोडलं नाही. पण बाहेरच्या माणसाला गाणं द्यायचं तर आख्खं द्यायचं, फुल्या चालणार नाहीत, असं ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. असभ्य म्हणजे सभेत न बसणारा ना? १९९६ च्या पेसा कायद्यानं सभा आपल्याला दिलेली आहे. सभ्य काय आणि असभ्य काय ते आता तिथं बसून ठरू द्या.

तर नववी मागणी मी अशी लिहून पाठवलीय, पुढच्या बैठकीत वाचा आणि बदल सुचवा: "शाळेच्या पुस्तकांतून आणि आजच्या सर्व सरकारी कागदांतून आदिवासींना चोर, अतिक्रमणदार, रानटी ठरवणारे शब्द काढावेत. जुनं कोणतंही दप्तर, गॅझेटियर वा अहवाल गाळू, बदलू किंवा नष्ट करू नये, आणि त्याच्या नकला प्रत्येक ग्रामसभेला फुकट द्याव्यात."

बैठकीला येताना घरातल्या दंडाच्या जुन्या पावत्या, एकसालीचे कागद, दळीचे कागद, जे असेल ते आणा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, पावसाचे दिवस आहेत. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, आपल्या कार्यकर्त्याच्यापण नाही. बाजारात झेरॉक्स काढू, पैसे संघटना भरेल. ज्यांच्या पोरांच्या पुस्तकात असं काही छापलेलं आहे त्यांनी पान दुमडून पुस्तकपण आणावं.